अंतरवाली ते औट्रम घाट : दोन दिवसांच्या हिवाळी सहलीची आखणी

(रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगितलंय. पातेलं मोठं आहे, म्हणजे वेळ बराच दिसतो.

विषय सेक्रेटरींनीच दिला. हिवाळ्यात गाडी घेऊन डोंगरातली छोटी सहल कशी आखावी? आपल्या ग्रुपवर दर वर्षी दिवाळी झाली की हा विषय निघतो. महाबळेश्वरपासून मनालीपर्यंत नावं येतात, कुणी हॉटेलांचे फोटो टाकतं, कुणी अंगठा दाखवतं, आणि तिळगूळ वाटेपर्यंत विषय आपोआप थंड होतो. यंदा मी माझ्या घरच्यांची एक सहल आखतोय आणि ती खरोखर निघणार आहे. तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो. त्यातलं जे तुम्हाला उपयोगी पडेल ते घ्या.

ही सहल इथून, छत्रपती संभाजीनगरहून निघत नाही. ती निघते माझ्या गावाहून, अंतरवाली सराटीहून. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ पर्यंत मला गाव सांगताना 'वडीगोद्रीजवळ, शहागडच्या अलीकडं' असं सांगावं लागायचं. त्या वर्षी २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि गावाचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून गाव सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडं बघायला लागतो आणि राजकारणावर येतो. आज आपण त्यावर येणार नाही. आज त्या गावातून निघणाऱ्या रस्त्याबद्दल.

गावापासून जवळच सोलापूर-धुळे महामार्ग जातो. आता त्याला ५२ नंबर आहे, आधी २११ होता. हा रस्ता वडीगोद्री, पाचोड, आडूळ करत इथं येतो, इथून वेरूळ, कन्नड आणि कन्नडच्या पुढं औट्रम घाटातून थेट चाळीसगावला उतरतो. म्हणजे माझ्या मायच्या दारातून निघणारा रस्ता कुठंही न बदलता डोंगराच्या कड्यापर्यंत जातो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं वेरूळचं घृष्णेश्वर एकदा पाहिलंय, शिवरात्रीला, गर्दीत, ट्रकमध्ये उभं राहून जाऊन. घाटाचा कडा पाहिलेला नाही.

आता मुद्दा. आपल्याकडचा डोंगर उलटा आहे. पुण्या-मुंबईचे लोक डोंगर म्हणाले की आधी चढतात, मग उतरतात. आपण मराठवाड्यातली माणसं डोंगराच्या पाठीवरच राहतो. अजिंठा-सातमाळ्याची रांग आपल्या बाजूनं इतकी हळूहळू चढत जाते की गाडीत बसलेल्याला चढ जाणवत नाही. कन्नड सोडलं की मग एकदम जमीन संपते. खाली खानदेश. आपला डोंगर दिसायला वर मान करावी लागत नाही, कडेला जाऊन खाली बघावं लागतं. पितळखोऱ्याची लेणी बघायची तर पायऱ्या उतरून जायचं. वेरूळचं कैलास लेणंसुद्धा वरून खाली कोरत आणलेलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी खडकाच्या माथ्यापासून सुरुवात केली आणि तळ शेवटी गाठला.

तुम्ही म्हणाल, याचा सहलीशी काय संबंध? सगळा संबंध इथंच आहे. चढ आधी असला की दमलेला माणूस अर्ध्यातून परत फिरतो. उतार आधी असला की माणूस हौसेनं खाली जातो आणि मग उन्हात, भुकेल्या पोटी, दुखऱ्या गुडघ्यांनी वर यायची वेळ येते. गाडीचंही तसंच. घाट जाताना उतरायचा असतो, तेव्हा सकाळ असते आणि ड्रायव्हर ताजा असतो. येताना चढायचा, तेव्हा संध्याकाळ झालेली असते. म्हणून मी आखणी शेवटाकडून करतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड असताना सगळ्यात म्हातारं माणूस घरच्या ओट्यावर बसलेलं पाहिजे. तिथून मागं मोजत यायचं.

उजेड किती असतो? डिसेंबरअखेर आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या जरा आधी मावळतो. म्हणजे अकरा तासही पुरते नाहीत. उन्हाळ्यापेक्षा दोन तासांहून जास्त कमी. मोबाइलवर किलोमीटर बघून सहल आखणारे हे विसरतात. आपल्यात एक ठरलेला प्रस्ताव असतो: 'पहाटे चारला निघू, दुपारपर्यंत सगळं उरकू.' मला तो अजिबात पसंत नाही. हिवाळ्यात चार वाजता ड्रायव्हरची झोप झालेली नसते, गोदाकाठच्या बागायती पट्ट्यात धुकं उतरलेलं असतं, आणि रस्त्यावर ऊस असतो.

उसाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आमच्या अंबड, घनसावंगीच्या भागात ऊस आणला. दिवाळीनंतर कारखान्यांचे पट्टे पडतात आणि रात्रंदिवस ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांच्या रांगा. ट्रॉलीच्या मागून मोळ्या अशा लोंबतात की मागचा लाल दिवा असला तरी झाकून जातो. रिफ्लेक्टर असला तर त्याच्यावर चिखल. तुमची गाडी ऐंशीनं चाललीय, ट्रॉली पंधरानं, आणि समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या ट्रॅक्टरवाल्यावर राग धरून उपयोग नाही, तोही रात्रभर जागा असतो. आपण अंधारात त्या रस्त्यावर नसावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे. म्हणून आमची गाडी सकाळी सातला निघेल, सूर्याबरोबर. हिवाळी सहलीत मला कुणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन.

तारीख कशी ठरली तेही सांगतो. शहरात आपण रजा बघतो, गावाकडं बाकीचं बरंच बघावं लागतं. पहिली गोष्ट कापसाची वेचणी. डिसेंबरात भावजय मोकळी नाही. दुसरी लाईट. शेतीची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की भाऊ रात्रभर पाणी देऊन सकाळी झोपतो. असा माणूस गाडीत बसेल, पण त्याला काही दिसणार नाही. तिसरी गोष्ट दोन दुभत्या गायी. त्यांना दोन दिवस धारा काढणारं माणूस पाहिजे. शेजारच्या वस्तीवरच्या वहिनी तयार झाल्या, बदल्यात त्यांच्या सहलीच्या वेळी आमची पाळी. चौथी, मंगळवार नको, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो. या दोन वारांची गल्लत करून फाटकापासून परत आलेली कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत. पाचवी गोष्ट गर्दी. नाताळ ते एक तारीख वेरूळला शिरायला जागा नसते, आणि डिसेंबरभर शाळांच्या सहलींच्या एस.टी. लागलेल्या असतात. दत्तजयंती यंदा ४ डिसेंबरला आहे, त्या सुमाराला खुलताबादजवळच्या शुलीभंजनला दत्ताच्या दर्शनाची गर्दी. हे सगळं वगळून आम्ही ७ आणि ८ जानेवारी धरली, बुधवार-गुरुवार. पोरांची दोन दिवस शाळा बुडेल. बुडू द्या.

अजिंठा का नाही, असं पुतण्यानं विचारलं. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही दोन दिवसांत करणारे लोक आहेत. ते दोन्ही ठिकाणी गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून बसनं आत जावं लागतं, मग पायऱ्या. डोली मिळते, पण माय डोलीत बसणार नाही. 'चार माणसांच्या खांद्यावर एकदाच बसायचंय,' असं ती म्हणाली. अजिंठ्याला वेगळा दिवस द्यायचा, वेगळ्या वर्षी.

तर पहिला दिवस असा. सातला निघून महामार्गानं, शहरात न शिरता बाह्यवळणानं, साडेनऊ-दहाला वेरूळ. आधी घृष्णेश्वर. गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना अंगावरचं वरचं कापड काढावं लागतं, त्यामुळं स्वेटरवर स्वेटर चढवून जाऊ नका. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. मग जेवण, आणि लेणी दुपारी. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारचं ऊन आत येतं. सकाळी जाणाऱ्यांना सावलीत चाचपडावं लागतं. एकूण लेणी ३४ आहेत. म्हाताऱ्या माणसासाठी मी दोनच धरलीत. सोळावं, म्हणजे कैलास, कारण ते फाटकासमोरच आहे आणि अंगणात फिरायला फार चढ नाही. आणि दहावं, ज्यात आत वर कमानीसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात, लोक त्याला सुताराचं झोपडं म्हणतात. आमच्या घरात सुतारकाम होतं, त्यामुळं ते दाखवायचंच. बाकीच्यांनी डोंगरकडेनं वर चढून कैलास वरून बघावं. कारागिरांनी सुरुवात जिथून केली ती जागा तिथून दिसते.

चारला म्हैसमाळ. साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंची, गिरिजादेवीचं देऊळ, थंड वारा. सगळे तिथं सूर्यास्तासाठी थांबतात. आम्ही थांबणार नाही. सव्वापाचला खाली निघायचं, म्हणजे वळणाचा उतार उजेडात संपतो. सूर्यास्त आमच्या गावीही होतो, चांगला होतो. मुक्काम वेरूळ-खुलताबाद भागात. खोली बघताना मी तीन गोष्टी विचारतो: तळमजला आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि गरम पाणी सकाळी सहाला येतं का. बाल्कनीतून काय दिसतं ते नंतर.

आता ज्यावर सहसा कुणी भाषण करत नाही, ते. आमची माय गाडीत बसली की पाणी पीत नाही. आदल्या रात्रीपासून कमी करते. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, विचारून बघा. बायकांना रस्त्यात जागा नसते म्हणून त्या तहान मारतात. थंडीत तहान कळत नाही, आणि संध्याकाळी डोकं धरतं, पायात गोळे येतात. मग आपण म्हणतो, प्रवास झेपला नाही. प्रवास झेपला होता, पाणी झेपलं नव्हतं. म्हणून मी आखणी करताना बघण्याच्या ठिकाणांच्या आधी संडासाची ठिकाणं लिहिली. महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं, ते वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. साधारण दीड तासाला एक. मागच्या आठवड्यात मी आणि बायको जाऊन आत डोकावून आलो. दोन ठिकाणी कुलूप होतं, ती काढून टाकली. कन्नडच्या पुढं जंगलात काही नाही, त्यामुळं कन्नडला सगळ्यांनी उतरायचंच, लागली असो वा नसो. ही यादी मायला वाचून दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, 'मग येते.'

दुसरा दिवस कन्नडच्या डोंगराचा. आठला निघून नऊला कन्नड, नाश्ता. पुढं गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागतं. १९८६ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. बिबटे आहेत. २०२१ मध्ये पार यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघही इथं दिसला होता. पुतण्याला फक्त तेवढंच ऐकू आलंय. औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं, ज्यानं एकोणिसाव्या शतकात खानदेशात भिल्लांची पलटण उभारली.

चाळीसगाव रस्त्यानं जाताना डाव्या अंगाला पितळखोऱ्याचा फाटा. ही लेणी वेरूळच्या कितीतरी आधीची, इसवी सनापूर्वीची. रंगाचे तुकडे अजून दिसतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यातला एक दाता पैठणचा आहे, सुगंधी माल विकणाऱ्या घराण्यातला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावचा व्यापारी याच वाटेनं या कड्यापर्यंत येत होता. त्याला नक्कीच दोन दिवसांपेक्षा जास्त लागले असणार. तिथं सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचंही नाव आहे.

तरणी मंडळी पायऱ्या उतरून जातील. माय, मी आणि भावजय वर थांबू. पायऱ्या सुरू होतात तिथूनच दरी दिसते. माझ्या हिशेबानं सहलीचं मुख्य ठिकाण हेच. समोरच्या कड्यात दगडाचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांनी पसरत गेला, त्याचे ते थर. मायला लाव्हा सांगायची गरज नाही. तिनं दोन विहिरी खोदताना बघितल्यात. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. तीच विहीर इथं बाहेरून बघायची.

आणि पाणी. या कड्यावर पडलेला पाऊस इथंच वाटला जातो. उत्तरेला उतरलेलं पाणी चाळीसगावच्या तितूर नदीतून गिरणेत, तिथून तापीत आणि अरबी समुद्रात जातं. आपल्या बाजूचं पाणी शिवना नदी नेते. शिवना नाथसागरात मिळते, आणि नाथसागराचा डावा कालवा आमच्या भागाला पाणी देतो. म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या उसाला जे पाणी मिळतं, त्यातलं थोडं तरी इथून निघालेलं असतं.

हे सांगताना मला यंदाचा सप्टेंबर बाजूला ठेवता येत नाही. तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच. नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले, मराठवाडाभर कापूस, सोयाबीन पाण्यात गेली, माती वाहून गेली. आमचंही रान दहा-बारा दिवस पाण्याखाली होतं. वेचणीला अर्धाच कापूस उरलाय. मी सहलीचं बोललो तेव्हा भाऊ म्हणाला, 'दादा, औंदा लोक काय म्हणतील?' प्रश्न बरोबर होता. गावात ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासमोरून गाडी भरून फिरायला जायचं, हे मलाही जड वाटलं. आम्ही दोघांनी हिशेब मांडला. गाडी माझी. जाऊन-येऊन, आतलं फिरणं धरून चारशे किलोमीटरच्या आत. गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर. दोन खोल्या एका रात्रीच्या. जेवण पहिल्या दुपारचं आणि दुसऱ्या दुपारचं घरचं: भाकरी, ठेचा, दही, हुरडा आला असेल तर हुरडा. शेतीच्या पैशाला हात लागत नाही. तरी भाऊ गप्प होता. मग मायच बोलली. 'माझं गुडघं पुढल्या सालापर्यंत थांबत नाहीत. लोकांचं मी बघते.' भावानं मान हलवली. मी यावर आणखी काही बोलत नाही. तुमच्यापैकी ज्यांची घरं गावाकडं आहेत त्यांनी यंदा असा विषय काढताना आधी तिकडं विचारावं, एवढंच.

आता थोडं माझ्या धंद्याचं. मी एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षं ब्रेक बघितले, त्यामुळं हा भाग गाळता येत नाही. घाट उतरताना गाडी ब्रेकवर उतरवायची नसते, इंजिनावर उतरवायची. जो घाट चढायला जो गिअर लागतो, साधारण तोच उतरताना ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा मॅन्युअल. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजूनही आहेत. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय काढला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि गाडी मोकाट सुटते. ब्रेकवर पाय टेकवून ठेवला की पॅड तापतात, आतलं तेल तापतं. ते तेल जुनं असेल तर त्यानं हवेतलं पाणी ओढलेलं असतं, त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांत तेल बदललं नसेल तर डोंगरात जाण्याआधी बदला. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या. वरून पाणी ओतू नका, तापलेल्या लोखंडाला तडा जातो.

सात माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. त्या गाडीला रिकाम्या गाडीएवढी हवा चालत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात पूर्ण भाराची हवा वेगळी लिहिलेली असते. सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा. आपल्या बी विंगमधल्या निम्म्या मंडळींनी ते स्टिकर अजून बघितलेलं नाही, मी पार्किंगमध्ये विचारून पाहिलंय.

औट्रम घाटाचं एक. २०२१ च्या ऑगस्टअखेर तिथं मोठ्या दरडी कोसळल्या, वाहनं अडकून पडली. २०२३ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या आदेशानं अवजड वाहनांना घाटात बंदी आली, तेव्हापासून छोट्या गाड्यांना बरंच मोकळं झालंय. पण मोकळं झालं म्हणून वेग वाढवू नका आणि फोटोसाठी वळणावर थांबू नका. आम्ही घाट उतरणारच नाही. खाली पाटणादेवी आहे, भास्कराचार्यांच्या आठवणीचं ठिकाण. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं तिथं मठ काढला, तसा शिलालेख सापडलाय. मला स्वतःला तिथं जायची फार इच्छा आहे. पण उतरलं की चढायचं आलं, आणि दुपारी अडीचला कन्नड सोडलं नाही तर वडीगोद्रीला अंधार होतो. कागदावर मी पाटणादेवी लिहिलं होतं, नंतर खोडलं. सहलीच्या कागदावर खोडलेल्या ओळी जास्त असल्या की मला बरं वाटतं.

आपल्या सोसायटीच्या सहलीचा विषय पुढच्या बैठकीत आहे असं कळलं. पन्नास सीटची बस करू नये असं माझं मत आहे. चार-पाच गाड्या करा, प्रत्येक गाडीत एक साठीच्या पुढचं माणूस बसवा, आणि त्या गाडीचा वेग, थांबे, जेवणाची वेळ त्या माणसाला ठरवू द्या. सी विंगमधल्या आजी म्हणाल्या, मला फक्त दरी बघायचीय, लेणी नकोत. मग त्यांची गाडी थेट दरीला जाईल. सगळ्यांनी सगळं बघायलाच पाहिजे असं आपल्या उपविधीत कुठं लिहिलेलं नाही.

आमच्या गाडीच्या डिकीत एक घडीची खुर्ची टाकलीय. मायचा हट्ट आहे की ती प्लास्टिकची नको, पाठ दुखते. म्हणून नवारीची केली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून मी सकाळी आठ ते दहा खाली पार्किंगमध्ये असेन. ज्यांना ब्रेकचं तेल, टायर, स्टेपनी दाखवून घ्यायची असेल त्यांनी गाडी घेऊन यावी. चहा ज्याचा त्यानं आणावा. स्टेपनीत हवा आहे का ते मात्र घरूनच बघून या, नाहीतर सगळी सकाळ त्यातच जाते.